जड बशीतला एक घास

मंजुळा,

मी भ्यालोय. हे तुला पहिल्यांदाच सांगतोय. खाडीत होडी उलटली तेव्हा बोललो नव्हतो. पावणे एमआयडीसीतल्या कंपनीत बॉयलरची वाफ पाठीवर आली, तेव्हाही घरी येऊन सरळ जेवायला बसलो होतो. तू शर्ट वर करून बघितलंस, खोबरेल लावलंस आणि म्हणालीस, "भ्या वाटलं असंल तर सांगा. मी काय पेपरात नाय छापनार." मी ताट सरकवून उठलो होतो. आता तू नाहीस आणि मला फोनची भीती वाटते. वाजला की हातातलं काम हातात राहतं. लॅबमधून तर नसेल, असं मनात येतं.

तुझ्या लॅबच्या मॅडम म्हणाल्या, तू जाऊन महिना होईल त्या दिवशी लॅबमध्ये तुझा फोटो ठेवणार आहेत, तर वाचायला चार शब्द लिहून द्या. मी म्हटलं, मी चौथी शिकलेला माणूस, मी काय लिहू? तर म्हणाल्या, "स्वभाव कसा होता, किती वर्षं नोकरी केली, तसलं नको काका. ते आम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यांच्याशी बोला." बोलतो. पण तुझ्याशी बोलायचं तर जिथं आपण बोलणं बंद केलं होतं तिथूनच सुरुवात करावी लागणार.

तुझं काम काचा धुण्याचं. बाटल्या घासायच्या, वाफेच्या डब्यात घालायच्या, काढून पुसून रांगेत लावायच्या. पेशी वाढवायच्या खोलीत तुला कोणी घेत नव्हतं. मग एका वर्षी सलग सुट्ट्या आल्या, तिथं शिकणारी पोरं आपापल्या गावी गेली आणि मॅडमनी तुला हातमोजे चढवून त्या काचेच्या कपाटासमोर बसवलं. त्या दिवशी घरी आलीस ती ग्रामपंचायतीला निवडून आल्यासारखी. "आजपास्नं सुट्टीची चावी माझ्याकडं," म्हणालीस.

"कसली चावी?"

"पेशींच्या खोलीची. त्यांना खायला घालायचं असतं."

"पेशी म्हंजे काय गो?"

"आपलंच अंग, बारीक बारीक. कोना मानसाच्या अंगातलं काढून बशीत ठेवलंय. खातंय, वाढतंय."

"जिवंत हाय?"

"मग काय मेलेल्याला खायला घालतात?"

"घालतात की. पितरपाखात काय करतंस?"

तेव्हा तू इतकी हसलीस की शेजारची कुसुम डोकावून गेली. रोज येऊन नवीन काहीतरी सांगायचीस. मी पेपर वाचल्यासारखं करायचो आणि ऐकायचो. तुला वाटायचं, ह्याला काही पडलेली नाही. मला सगळं पाठ आहे, मंजुळा. पाठ आहे म्हणूनच आज भ्यालोय.

जड खाण्याचं तू मला मासळीवरून समजावलं होतंस. मी मासळी निवडत बसलो होतो. तू म्हणालीस, समजा दोन होड्यांची मासळी एकाच टोपलीत ओतली, तर कोणाची कुठली कसं ओळखाल? मी म्हटलं, नाही ओळखता येणार, म्हणून तर भांडणं होतात. तू म्हणालीस, ह्यांना ओळखता येतं. एका होडीची मासळी हे लोक गुंजभर जड करून ठेवतात.

पेशीला काही जिन्नस बाहेरूनच खावे लागतात, तिला स्वतःला ते करता येत नाहीत. त्यातले दोन मुद्दाम जड करून विकत आणतात. चव तीच, काम तेच, फक्त वजन वेगळं. पेशीला पत्ताच लागत नाही. एका बशीला हे जड खाणं, दुसऱ्या बशीला साधं. पाच-सहा पिढ्या तेच खाऊन त्या बशीतलं सगळं अंगच जड होतं. मग जड बशीत औषध घालायचं, साधीत नाही घालायचं. नंतर दोन्ही एकत्र कुस्करायच्या आणि मशीनला लावायच्या. मशीन एकेक प्रोटीन वजनावरून वेगळं करतं, आणि जड किती, हलकं किती ते सांगतं. औषधानं कुठलं घटलं, कुठलं वाढलं, ते त्यावरून कळतं.

मी विचारलं होतं, "मग वेगळ्याच ठेवायच्या ना. मिसळायच्या कशाला?"

तू कपाळाला हात लावलास. "आवो, दोन चुलींवर दोन कालवनं केली तर एकात मीठ जास्त, एकात कमी पडनार का नाय? एकाच टोपात शिजवली म्हंजे जे व्हायाचं ते दोघांचं सारखं. हाताची चूक हिशोबातनं जाते."

हाताची चूक हिशोबातनं जाते. तुझेच शब्द.

आणि एक नेम होता, तोही तूच सांगितलेला. जड बशीत साध्या खाण्याचा थेंब पडता कामा नये. वासराच्या रक्ताचं जे पाणी त्यात घालतात तेसुद्धा गाळून घेतलेलं, बारीकसारीक काढून टाकलेलं. त्या गाळलेल्या पाण्यावर पेशी जरा खुरटतात. तुला ते आवडायचं नाही. "आजारी मानसाच्या पेजेसारखं लागत असंल त्यांना," म्हणायचीस.

मागच्या वर्षीची गौर. आपल्या घरी गौर तिखटाची. सकाळपासून तू चिंबोऱ्या फोडत होतीस. आपला विलास सुनेला घेऊन उलव्याहून आला होता. तुझी बहीण, तिची पोरं, घर भरलं होतं. नैवेद्य दाखवला, पानं वाढली, आणि तू पदर खोचून पिशवी उचललीस. मॅडमच्या हाताखाली शिकणारी मृणाल, जिचा तो प्रयोग, साताऱ्याला गेली होती गौरीसाठी. प्रयोग लांबला म्हणून तिचं औषध बशीत पडून दिवस झाला होता, आणि मधलं खाणं बदलायचं काम तुझ्यावर सोपवून ती गेली होती.

मी ओरडलो. सगळ्यांच्या देखत. "घरात गौर जेवायला बसलीय, आनि तू चाललीस बाटल्या पाजायला? काय लागतात त्या तुझ्या?"

तू म्हणालीस, "आज कोनी उपाशी ऱ्हायाचं नाय."

गेलीस. दोन तासांनी आलीस आणि उरलेलं गार जेवलीस. माझ्याशी बोलली नाहीस. त्या दिवशी तिथं काय केलंस ते मला पुढं चार-पाच महिन्यांनी कळलं.

माघात तू एकदा घरी आलीस ती चप्पल न काढताच बसलीस. मृणालने तोच प्रयोग उलटा करून बघितला होता. ह्या खेपेला साध्या बशीला औषध, जड बशीला नाही. गोष्ट खरी असेल तर उलटं करूनही तेच यायला हवं. आलं नाही. पहिल्या खेपेला जे प्रोटीन धाडकन खाली आलं होतं, ते ह्या खेपेला जेमतेम हललं. पोरगी रडली. तिची शिष्यवृत्ती संपत आली होती, पुन्हा करायला वेळ नव्हता. मग म्हणाली, दुसऱ्या खेपेला माझाच हात चुकला असेल, ती खेप टाकून देऊ. मॅडमनी मान हलवली. तू तिथंच बाटल्या पुसत उभी होतीस. तुला उभ्या जागी कळलं की खोटी दुसरी खेप नाही, पहिली आहे.

"मी साधं खानं घातलं होतं," म्हणालीस मला.

"कशात?"

"जड बशीत. गौरीच्या दिवशी. बघितलं तर सगळ्या आवरून बसल्या होत्या, गोळा होऊन. औषधानं होतंय ते मना ठाव होतं. तरी बघवलं नाय. बाजूला साधी बाटली होती. थोडं घातलं."

मला समजायला वेळ लागला. तूच समजावलंस, पाटावर बोटानं दोन गोल काढून. औषध दिल्यानंतर त्या पेशींनी जे नवं अंग धरलं, ते तुझ्या साध्या घासातून धरलं. ते हलकं झालं. मशीनला जड कमी दिसलं. त्याला कुठं ठाऊक की कोणी घास घातलाय? त्यानं आपलं सांगितलं, औषधानं हे प्रोटीन घटलं. आणि जे प्रोटीन सारखं मोडतं आणि सारखं नव्यानं होतं, त्याच्यातच हा फरक सगळ्यात मोठा दिसला. नेमकं तेच मृणालचं प्रोटीन.

तू म्हणालीस, "उद्या मॅडमना सांगनार."

मी म्हणालो, गप्प बस.

हे लिहायला मला आठ दिवस लागले. इथं येऊन पेन थांबायचं. मी म्हणालो, तोंड उघडलंस तर उद्या गेटवरनं परत पाठवतील. तुझं कंत्राट मार्चला संपतंय, पुढचं कोन देईल? शिकलेली मानसं हायत, त्यांचं ती बघतील. तुला कोन इचारतंय? दुसऱ्या दिवशी सकाळी तू निघालीस तेव्हा मी दारात आडवा उभा राहिलो. "शपथ घे माझी," म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस. रागानं बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू बघितलंस कीव आल्यासारखी. म्हणालीस, "तुमी खरंच भ्यालाव." आणि शपथ घेतलीस.

त्यानंतर तू लॅबमधलं काही सांगायची बंद झालीस. मी पेपर धरून बसायचो, तू भाजी निवडायचीस. मी दोनदा विचारलंही, "काय म्हनतायत तुझ्या पेशी?" तू म्हणालीस, "बऱ्या हायत." झालं. कंत्राट वाढलं. मी मनात म्हटलं, बघ, माझंच खरं.

दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तू एकच गोष्ट दोनदा बोललीस. "त्या पोरीला सांगा." मी म्हटलं, बरी हो आधी, मग बघू. नळ्या लावलेल्या बाईला दुसरं काय म्हणणार? पण मला ठाऊक होतं की मी तुला फसवतोय. तुलाही ठाऊक होतं. तू तोंड भिंतीकडे केलंस.

आता ऐक पुढचं. तुझ्या तिसऱ्या दिवशी मृणाल आली. चटईवर बसली आणि लहान पोरीसारखी रडली. मला म्हणाली, "काका, मावशी नसत्या तर माझं काम झालंच नसतं. सुट्टीत माझ्या पेशी त्यांनी सांभाळल्या. पुढच्या महिन्यात पेपर पाठवतेय. आभारात मावशींचं नाव घालणार आहे मी."

बायका म्हणाल्या, बघा, किती मोठं नाव झालं मंजुळाचं. माझ्या हातातला चहाचा कप खाली पडला. सगळ्यांना वाटलं, दुःखानं.

दुःख होतंच गं. पण त्या घटकेला दुःख नव्हतं. तुझं नाव छापून येणार होतं एका खोट्या गोष्टीच्या खाली, आणि ती खोटी आहे हे जगात आता एकट्या मला ठाऊक होतं. तू होतीस तोवर दोघांना ठाऊक होतं. आता माझ्या एकट्याच्या डोक्यात. आणि हे डोकं कसलं? चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारं. उद्या मी गेलो, किंवा विसरलो, तर? कुठल्या तरी गावातले दुसरे शिकलेले लोक तो पेपर वाचतील, तसंच औषध करतील, पुढं कुणा आजाऱ्याच्या तोंडात जाईल. आजाऱ्याचं घर वाट बघत बसेल.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. वाट बघायलाच लागली नाही. तुझी बहीण म्हणाली, "सुटली हो ताई, कसलीच इच्छा मागं ठेवली नाय." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र भ्यालो. मला वाटलं, तू माझ्यावरची आशाच सोडलीस. ह्याच्याकडून व्हायचं नाही, म्हणून वाट न बघता गेलीस.

तेराव्यानंतर विलासला सांगितलं. पोरगा ऐकून घेत होता, मग हात जोडले त्यानं. "पप्पा, टेन्शन नका वाढवू. आई गेली. आता लोकांनी काय म्हणायचं, अडाणी बाईनं वाट लावली? तिचं नाव कशाला खराब करताय? उलव्याला चला माझ्याकडं, विसरून जाल."

विसरून जाईन, हेच तर भय होतं.

पण खोटं सांगत नाही, त्याचं बोलणं मला गोड वाटलं. मी पण तुला हेच म्हणालो होतो. पोरगा माझ्यावरच गेलाय. त्याच्या तोंडून माझेच शब्द ऐकले आणि लॅबला जायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी लॅबच्या गेटपर्यंत गेलो. वॉचमननं वही पुढं केली, "कोणाला भेटायचंय आजोबा? काय काम?" काय काम, ह्या रकान्यात काय लिहू? तिथनंच मागं फिरलो. समोरच्या टपरीवर चहा घेतला, तो पण अर्धा टाकला, बस धरून नेरूळला घरी आलो. दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी परत गेलो आणि रकान्यात "मंजुळाचा नवरा" एवढंच लिहिलं. त्यानं बघितलं आणि उभा राहिला. "मावशींचे मिस्टर? चला, मी सोडतो वर." मंजुळा, तुझ्या नावानं तो माणूस उभा राहिला. माझे पाय आणखी जड झाले.

मॅडम होत्या, मृणाल होती. त्यांना वाटलं, तुझ्या राहिलेल्या पगाराचं विचारायला आलो. मृणालने पाणी आणून दिलं. मी पाणी बाजूला ठेवलं आणि म्हणालो, "तुमची पहिली खेप खोटी हाय. तिनं जड बशीत साधं खानं घातलं होतं."

मृणाल हसली. खरंच हसली, मला काहीतरी भलतंच समजलंय असं वाटून. "नाही काका, तसं नसतं ते, मी समजावते."

"तू नको समजावू. तिनं समजावलंय मला," म्हटलं आणि सगळं सांगितलं. टेबलावर बोटानं दोन गोल काढून, तुझ्यासारखंच. बोलता बोलता पोरीचा चेहरा बदलत गेला. मग ती उठली, वही काढली, पानं उलटायला लागली.

"तारीख?"

"तारीख नाय ठाव. गौरी जेवल्या तो दिवस."

पान सापडलं. त्यावर तुझी सही होती, वाकडी, "मं" वरचं टिंब भलतंच मोठं. वेळ लिहिलेली. बाकी काही नाही.

"म्हणून उलटं केल्यावर बसत नव्हतं," मृणाल हळू म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "किती घातलं मावशींनी?"

"मना कसं ठाव असनार?"

"थेंब, का चमचा, का अर्धी बाटली? काका, त्यावर सगळं आहे!"

"थोडं, म्हनाली. ती मीठ पण थोडंच म्हनायची."

"आणि हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"माघापासून."

"माघापासून!" पोरीनं वही टेबलावर आपटली. "मी सहा महिने ह्यावर लिहीत बसलेय. मावशी रोज समोर होत्या. रोज मला डबा द्यायच्या खायला. एकदा तरी बोलायचं होतं ना!"

"बोलनार होती. मीच गप्प केलं. माझी शपथ घातली तिला. तिच्यावर नको रागावू."

ती बाहेर निघून गेली. दार जोरात लागलं. मी उठलो, मला वाटलं आता मला पण जा म्हणतील. मॅडम बसूनच राहिल्या. त्यांनी वही स्वतःकडे ओढली आणि म्हणाल्या, "लोक विचारतील, काचा धुणाऱ्या बाईच्या हातात हे दिलंच कोणी. मी दिलं. चावी मी दिली होती. आणि दोन खेपा जुळल्या नाहीत तेव्हा थांबायला मीच सांगायला हवं होतं. घाई झाली. आम्हाला पण पहिलीच खेप खरी हवी होती."

मग त्यांनी एक सांगितलं. जड बशीतलं थोडं, साधीत न मिसळलेलं, डीप फ्रीझरमध्ये बाजूला ठेवलेलं असतं. ते एकटंच मशीनला लावायचं. त्यात सगळं जडच निघायला हवं. हलकं निघालं तर तुझा घास खरा. त्यांनी वहीच्या त्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि मला सही करायला सांगितली. तुझ्या सहीखाली मी सही केली, मंजुळा. पोस्टाच्या पासबुकानंतर आपल्या दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या त्या ह्याच.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवस तरी. मशीनला रांग असते."

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. हलकं निघालं तर तुझी चूक पक्की होणार, कागदावर, शिक्क्यासकट. नाही निघालं तर मग तू माघात मला सांगितलंस ते काय होतं? आणि मी चांगल्या पोरीच्या कामावर उगाच चिखल उडवला का? दोन्हीकडून भीतीच. बाजारात गेलो तर कोळंबी घेऊन पैसे न देताच निघालो. मासळीवाली शेवंता मागनं ओरडली, "ओ दादा, वहिनी गेली म्हनून फुकट नाय मिलत!" सगळे हसले, मी पण हसलो. घरी येऊन बघितलं तर कोळंबी सोलायची कशी तेही नीट आठवेना. चाळीस वर्षं मी पकडून आणली, सोलली तूच.

आठव्या दिवशी मृणालचा फोन आला. घेऊ की नको, करता करता घेतला. निकाल आला नव्हता. तिचा आवाज अजून रुसलेला. म्हणाली, "एक विचारायचं होतं. मी नवीन बशा लावल्यात. मावशी नुसतं बघून सांगायच्या, ह्या उपाशी आहेत, ह्या आजारी आहेत. कसं ओळखायच्या?"

मला ठाऊक होतं. पेपर तोंडासमोर धरून ऐकलेलं. "उपाशी असल्या तर पाय लांब करतात, खायला शोधत. आजारी असल्या तर गोळा होतात."

तिनं ते लिहून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी गोळा झाल्या होत्या, तर त्या उपाशी नव्हत्याच. हे मावशींना कळत होतं."

"कळत होतं."

"मग का घातलं?"

"आजाऱ्याला चार घास भरवत नाय का आपन? त्याला नको असलं तरी?"

फोन तिनंच ठेवला. रडली की चिडली, कळलं नाही.

आणि काल निकालाचा आला. मी पडवीत होतो. घेतला, कानाला लावला. मृणालच म्हणाली, "काका? ऐकताय ना? हलकं निघालं."

मी खाली बसलो.

"मावशींनी घातलं होतं, खरंच. अंदाजानं काढलंय, बशीतल्या खाण्यातला साधारण पाचवा हिस्सा. औषधाचं काम जे मोठं वाटत होतं ना, त्यातलं बरंचसं मावशींचं होतं. पेपर थांबवलाय."

पाचवा हिस्सा. तुझ्या हातचं थोडं म्हणजे किती, हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "तुझी शिष्यवृत्ती?"

"मॅडम बघतायत. नाही मिळाली तर घरून पैसे घेईन. तीन महिने लागतील परत करायला." थोडं थांबून म्हणाली, "आणि आभारात नाव राहणार आहे. तुमचं पण घालू का?"

"माझं कशाला? मी काय केलं?" मी जवळजवळ ओरडलोच. मग जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. "पोरी, परत केल्यावर औषध लागू पडतच नाय असं निघालं तर?"

"तर नाही, असं लिहायचं," ती म्हणाली. इतकंच. जसं काही त्यात भ्यायचं काही नाहीच.

 बावीस-पंचवीस वर्षांची पोर. दोन वर्षांचं काम पाण्यात गेलं तरी "नाही" असं लिहायला तयार आहे. तू माघातच तयार होतीस, चौथीसुद्धा न शिकलेली बाई. होडी, बॉयलर, सगळ्याला पुरून उरलेला मीच तेवढा तयार नव्हतो. विलास म्हणाला होता, आईचं नाव खराब होईल. फोटोजवळ हा कागद वाचतील तेव्हा लोक म्हणतीलही काय म्हणायचं ते. वाचून दाखवताना मी भ्यालेलाच असेन, हे आत्ताच सांगून ठेवतो. पण एक वाक्य मला सगळ्यांच्या देखत वाचायचंय, कारण त्या गौरीच्या दिवशी तुझ्यावर ओरडलो होतो तो सगळ्यांच्या देखतच.

तू हातानं चुकलीस, ते तू कबूल करायला निघाली होतीस. अडवली मी. माझं चुकलं, मंजुळा. तुझं नाय.